ओजेटीचे १२० तास वजनकाट्यावर: शाश्वततेच्या क्षेत्रात इंटर्नशिप कशी शोधाल, कशी कराल

तिसऱ्या वर्षाला आलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कुठे करतोयस?" नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणलं. बहुतेक ठिकाणी ते चार क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. मग कोणी मामाच्या दुकानाचा शिक्का आणतं, तर कोणी चारपाचशे रुपये भरून ऑनलाइन प्रमाणपत्र घेतं. क्रेडिट मिळतात, पण मुलाखतीत "तिथे काय केलंस?" असं विचारलं की गाडी अडते.

हा लेख त्या १२० तासांबद्दल आहे. गेली काही वर्षं मी लहान कारखाने आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या वीज, पाणी आणि कचऱ्याच्या हिशोबाचं काम करतो, आणि दर वर्षी कॉलेजची काही मुलंमुली माझ्याबरोबर काम करतात. त्यावरून माझं ठाम मत झालंय: या क्षेत्रात नवख्या माणसाला किंमत मिळते ती मोजता येण्यामुळे. वृक्षारोपणाचा फोटो, घोषवाक्यांची पोस्टर, "जागतिक तापमानवाढ" या विषयावरचं सादरीकरण हे सगळं ठीक आहे, पण त्यासाठी कोणी पगार देत नाही. बारा महिन्यांची वीजबिलं नीट मांडून त्यातली खोट दाखवणाऱ्याला देतात.

काम आहे कुठे?

मोठ्या कंपन्यांच्या "सस्टेनेबिलिटी" विभागात इंटर्नशिप मिळवायला सगळे धावतात. तिथे जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा एमबीए किंवा नामांकित संस्थांच्या मुलांना जातात. खरी गरज त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली आहे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल बंधनकारक केला. किती वीज वापरली, किती पाणी उपसलं, किती कचरा निघाला, हरितगृह वायू किती सोडले, असं सगळं त्यात लिहावं लागतं. मग या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे तीच माहिती मागतात. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव इथल्या चाळीस-पन्नास कामगारांच्या वर्कशॉपला एक दिवस ईमेल येतो आणि त्याला दहा रकान्यांची एक्सेल शीट जोडलेली असते. मालक ती अकाउंटंटकडे पाठवतो. अकाउंटंट म्हणतो, यातलं मला फक्त वीजबिल कळतं. युरोपला पोलाद, ॲल्युमिनियम किंवा नट-बोल्ट पाठवणाऱ्यांवर तर आणखी एक ओझं आलंय. युरोपियन संघाने कार्बन सीमाशुल्काची व्यवस्था आणली आणि ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना मालामागच्या उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते. ती माहिती शेवटी इथल्याच शॉपफ्लोअरवरून गोळा होते.

अशा वर्कशॉपला सल्लागार परवडत नाही आणि पूर्णवेळ माणूस ठेवण्याइतकं काम नसतं. दीड-दोन महिने येणारा, एक्सेल जाणणारा, प्रश्न विचारायला न लाजणारा विद्यार्थी त्यांना हवाच असतो. फक्त "हवा आहे" अशी पाटी कुठे लावलेली नसते.

कारखान्याखेरीजही जागा आहेत. राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून सुरू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतांच्या नावाने त्याची विभागणी आहे. त्यासाठी नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींना भरपूर माहिती जमवावी लागते आणि ती जमवायला हात अपुरे असतात. तुम्ही लहान गावात शिकत असाल तर मुख्याधिकाऱ्यांना किंवा आरोग्य निरीक्षकांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. पाण्याच्या कामात रस असेल तर वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट), बाएफ, पानी फाउंडेशन यांसारख्या संस्था आहेत. ऊर्जा धोरणात रस असेल तर पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आहे. तिथे निवड काटेकोर असते, पण त्यांचे मोफत अहवाल वाचले तरी शिकायला खूप मिळतं. आणि अगदी काहीच जमलं नाही तर तुमचं स्वतःचं कॉलेज आहेच. नॅक मूल्यांकनासाठी हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण अशी कागदपत्रं बहुतेक कॉलेजं तयार करतात. ते काम बाहेरचा माणूस एका दिवसात उरकून जातो, आतला विद्यार्थी ते खरंखुरं करू शकतो. अशा कामाला ओजेटी म्हणून मान्यता मिळते का, ते मात्र विभागप्रमुखांना आधी विचारा.

इथे एक गोंधळ मिटवून टाकू. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, दोन्ही २०२४ मध्ये आल्या. दोन्हींची आखणी शिक्षण आटोपून बाहेर पडलेल्यांसाठी होती, वर्गात बसणाऱ्यांसाठी नव्हे. त्या पोर्टलवर अर्ज करून महिनाभर वाट पाहण्याआधी चालू अटी वाचा.

तुमच्या शाखेचं इथे काय काम?

हा प्रश्न कॉमर्सवाले हमखास विचारतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात लवकर रुळतात तेच. बिलं, पावत्या, साठा, ताळेबंद ही भाषा त्यांना येतच असते. इथे फक्त रुपयांच्या जागी युनिट आणि किलो येतात. रसायनशास्त्राच्या मुलांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले बीओडी, सीओडीचे, म्हणजे पाणी किती दूषित आहे ते सांगणारे, आकडे वाचता येतात. समाजशास्त्र, समाजकार्याच्या मुलांनी घरोघरच्या सर्वेक्षणाचं किंवा कचरावेचकांच्या संघटनेबरोबरचं काम धरावं. कॉम्प्युटरवाल्यांनी डॅशबोर्ड बनवायची घाई करू नये. आत घालायला नीट आकडे नसतील तर डॅशबोर्डचा उपयोग काय?

दार कसं ठोठवायचं

लांबलचक बायोडेटा आणि "आपल्या प्रतिष्ठित संस्थेत संधी मिळाल्यास मी ऋणी राहीन" असलं पत्र पाठवू नका. ते कोणी वाचत नाही. काय करणार, किती दिवस येणार आणि त्यांच्याकडून काय लागेल, एवढंच लिहा. नमुना असा:

"नमस्कार सर, मी अमुक कॉलेजमध्ये तृतीय वर्ष बी.कॉम.ला आहे. आम्हाला १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग करायचं आहे. तुमच्या युनिटची गेल्या बारा महिन्यांची वीज, डिझेल आणि पाण्याची बिलं एका तक्त्यात मांडून, दर महिन्याचा वापर आणि कार्बन उत्सर्जन काढून देण्याची माझी तयारी आहे. ग्राहक कंपनीने माहिती मागवली असेल तर ती शीटही भरायला मदत करेन. आठवड्यातून तीन दिवस येऊ शकतो. माहिती बाहेर जाणार नाही, तसं लिहून देतो. दहा मिनिटं भेटायला कधी येऊ?"

पाच-सहा ठिकाणी पाठवा आणि दोन दिवसांनी फोन करा. औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजक संघटनेच्या कार्यालयात जाऊन बसलात तर आणखी बरं, कारण कोणत्या सदस्याला अशी शीट आली आहे हे तिथल्या व्यवस्थापकाला ठाऊक असतं. ओळखीतून गेलात तरी लाजू नका. काकांच्या ओळखीने दार उघडलं तरी बिलं तुम्हालाच मांडायची आहेत.

वेळेचंही भान ठेवा. मार्चमध्ये कारखान्यात पाऊल टाकू नका, वर्षअखेर असते. मे-जून उत्तम. प्रदूषण नियंत्रण मंडळाला घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. त्या सुमारास या फायली कपाटातून बाहेर निघतात आणि मदतनीस कोणालाही चालतो. सहाव्या सत्रात करायचं असेल तर डिसेंबरमध्येच बोलणी पक्की करा.

पैशांचं स्पष्ट सांगतो. लहान ठिकाणी स्टायपेंड बहुधा मिळत नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण मागायला हरकत नाही, आणि बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. पण इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर तिथून उठा.

पहिल्या दिवसाआधी एक कागद

कॉलेजचं पत्र तर लागतंच. त्याशिवाय एका पानावर चार गोष्टी लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या: तुमचं काम नेमकं काय, कोणाला विचारून करायचं, कोणती कागदपत्रं पाहायला मिळतील, आणि शेवटी तुम्ही काय देणार. हे नसलं की तिसऱ्या दिवसापासून तुम्हाला झेरॉक्स काढायला पाठवतात.

कारखान्यात जाणार असाल तर सेफ्टी शूज, हेल्मेट कोण देणार ते विचारा. ओढणी, सैल बाह्या, चप्पल चालत नाही. मशीनजवळ एकट्याने जायचं नाही, इलेक्ट्रिक पॅनल उघडायचं नाही. ही अट तुम्हीच कागदात घातलीत तर सुरक्षा अधिकाऱ्याचं तुमच्याबद्दल लगेच चांगलं मत होतं. कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा आहे का, तेही पाहून ठेवा.

वीजबिलापासून सुरुवात करा

पहिल्या आठवड्यात फक्त फिरा आणि बिलं मागा. वीजबिल हे या कामातलं सगळ्यात प्रामाणिक कागदपत्र आहे. ते दर महिन्याला येतं, त्रयस्थाकडून येतं आणि जुनंही मिळतं. बारा महिन्यांची बिलं घ्या. एका ओळीत एक महिना, आणि रकाने असे: युनिट म्हणजे केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामी आलेली वीज), केव्हीएएच (कामी न येता नुसती फिरणारी वीजही धरणारं माप), मंजूर मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची याची मंजुरी), नोंदलेली कमाल मागणी, एकूण रक्कम, आणि शेजारी त्या महिन्याचं उत्पादन.

महावितरणच्या उच्चदाब (मोठ्या जोडणीच्या) ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. युनिटला केव्हीएएचने भागलं की सरासरी पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामी आली ते प्रमाण, मिळतो. तो एकाच्या जवळ असायला हवा. एखाद्या महिन्यात ०.९ च्या खाली घसरला असेल तर बहुधा कपॅसिटर बँकेत (हे प्रमाण सुधारणाऱ्या उपकरणात) काहीतरी बिघडलंय आणि मालक न वापरलेल्या विजेचे पैसे भरतोय. हा एक भागाकार कित्येक ठिकाणी वर्षभर कोणी केलेला नसतो. दुसरी गोष्ट, मंजूर मागणी आणि प्रत्यक्ष कमाल मागणी यांत मोठी तफावत असेल तर तीही दाखवा. "मंजुरी कमी करून घ्या" असा सल्ला लगेच देऊ नका. पुढच्या वर्षी नवं मशीन येणार आहे का, ते आधी विचारा.

मग उत्सर्जन. स्वतः जाळलेलं इंधन स्कोप एक, विकत घेतलेली वीज स्कोप दोन, बाकी पुरवठा, वाहतूक वगैरे स्कोप तीन. नवख्याने पहिल्या दोनांवरच थांबावं. भारताच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करतं, तेव्हा ज्या वर्षाचा हिशोब त्याच वर्षाचा आकडा घ्या. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो. समजा, एका कारखान्याने महिन्यात २०,००० युनिट वीज आणि जनरेटरला २०० लिटर डिझेल वापरलं. विजेचे झाले १४ टन, डिझेलचे साधारण अर्धा टन. मालक मात्र जनरेटरच्या काळ्या धुराकडे बोट दाखवत असतो.

दोन खड्डे इथे नेहमीचे आहेत. उत्सर्जन केडब्ल्यूएचवर काढायचं, केव्हीएएचवर नाही. आणि छतावर सौर पॅनल असतील तर नेट मीटरच्या बिलात आयात आणि निर्यात वेगळी दिलेली असते. त्यातली ग्रिडमधून आलेली वीज कोणती, ते नीट पाहून घ्या.

कंप्रेसरची सुट्टी

कागदावरचं काम झालं की एक तरी मोजमाप स्वतः करा. कारखान्यासाठी माझी आवडती चाचणी हवेच्या गळतीची आहे. तिला वेगळं उपकरण लागत नाही, घड्याळ पुरतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद असताना, देखभाल विभागातला माणूस बरोबर घेऊन, फक्त कंप्रेसर, म्हणजे मशीनना दाबाखालची हवा पुरवणारं यंत्र, चालू ठेवायचा. हवा कोणीच वापरत नाही, तरी कंप्रेसर मधूनमधून लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो, कारण पाइपात कुठेतरी गळती असते. किती वेळ लोडवर, किती वेळ अनलोडवर, ते पाच-सात फेऱ्या टिपा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले शंभर. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड असेल तर गळती २५ टक्के. देखभाल नीट नसलेल्या ठिकाणी २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाणं नवलाचं नाही. नंतर साबणाचं पाणी घेऊन सांधे, नळ्या, कपलिंग तपासा आणि बुडबुडे दिसले तिथे लाल टॅग लावा. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा कंप्रेसर असेल तर ही रीत जशीच्या तशी चालत नाही.

याहून खोलात जायचं असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षेची चार पुस्तकं मोफत डाउनलोड करता येतात. बोजड आहेत, पण उदाहरणं इथल्याच कारखान्यांना लागू पडतील अशी आहेत.

कचरा मोजायचा असेल तर

सोसायटी, वसतिगृह किंवा कँटीनमध्ये काम मिळालं तर कचरा हाच विषय घ्या. एक टांगता वजनकाटा, दोन ताडपत्र्या, जाड हातमोजे, मास्क आणि वही एवढं सामान पुरे. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

सलग सात दिवस मोजायचं. रविवार गाळू नका, मटण-मासळीमुळे तो दिवस वेगळाच निघतो. सणासुदीचा आठवडा असेल तर तशी नोंद करा. आधी रिकाम्या बादलीचं वजन घ्या, नाहीतर सगळा हिशोब बादलीसकट होतो. ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक असे ढीग वेगळे तोला. सुक्याचे पुन्हा भाग पाडा: पुठ्ठा, कागद, जाड प्लास्टिक, पातळ पिशव्या, वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, काच, धातू. कचरा फारच असेल तर सगळा उपसायची गरज नाही. नीट मिसळून ढीग करा, त्याचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. आवाक्यातला नमुना उरेपर्यंत हेच करायचं.

मग भंगारवाल्याकडे जा आणि कशाला काय भाव आहे ते विचारा. पुठ्ठ्याला भाव आहे, दुधाच्या पिशवीला आहे, वेफरच्या पाकिटाला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावत नाही. "पुनर्वापर होतो" या वाक्याचा खरा अर्थ त्या दुकानात कळतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवलं आणि त्यांच्यावर जास्त जबाबदारी टाकली. तुमची सोसायटी त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, ते सात दिवसांत कळेल. नियम बदलत असतात, म्हणून अहवाल लिहिण्याआधी चालू नियम काढून वाचा. पुण्यात असाल तर गांडूळखत, सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण यांसाठी महापालिका मालमत्ता करात सवलत देते, हेही पदाधिकाऱ्यांना सांगा. तोवर बैठकीत मोबाइल पाहणारे खजिनदार तिथे मान वर करतात.

कचरा वेचणाऱ्या ताई-मावशींशी बोलल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. कोणत्या इमारतीत वर्गीकरण नीट होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मात्र विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि त्यांची कामाची वेळ खाऊ नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षणाच्या कामातून. पुढे त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था झाली. विद्यापीठातल्या लोकांनी कचरावेचक बायकांबरोबर वस्तीत जाऊन काम केलं नसतं तर यातलं काही घडलं नसतं.

गावात राहणाऱ्यांसाठी

शहरात खोली घेऊन इंटर्नशिप करायची ऐपत नसेल तर विहिरी मोजा. दहा-पंधरा विहिरी ठरवा आणि प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा. पंप बंद करून काही तास गेल्यावर, त्याच खुणेपासून वजन बांधलेली टेप सोडून पाण्यापर्यंतची खोली घ्या. दर पंधरा दिवसांनी, त्याच विहिरी, तीच खूण. त्याला पावसाची आणि पिकांची नोंद जोडली की गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची सुरुवात झाली. हिवरे बाजारने किती पाऊस पडला ते पाहून कोणती पिकं घ्यायची हे ठरवण्याची शिस्त अशाच नोंदींवर बसवली. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीच्या ग्रामसेवकांची) आणि विहीरमालकांची संमती आधी घ्या. एकट्याने विहिरीवर वाकायचं नाही.

शेवटचा आठवडा

अहवाल आठ-दहा पानांचा पुरे. पहिल्या पानावर तीन आकडे आणि तीन सूचना, कारण मालक तेवढंच वाचणार. प्रत्येक आकड्याजवळ तो कुठून आला ते लिहा: बिलावरून, स्वतः मोजून, की अंदाजाने. अंदाजाला अंदाज म्हटलंत तर विश्वास वाढतो. मूळ एक्सेल फाइल सूत्रांसकट तिथल्या माणसाकडे द्या आणि पुढचा महिना त्याच्याकडूनच भरून घ्या. त्याला जमलं तर तुमचं काम टिकलं.

बायोडेटात "पर्यावरण जनजागृतीत सहभाग" असं लिहू नका. "४० कामगारांच्या वर्कशॉपच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांचं विश्लेषण, हवेची गळती मोजून २२ ठिकाणी टॅग लावले" अशा थाटात, तुमचे जे खरे आकडे असतील ते लिहा. कंपनीचं नाव किंवा तिचे आकडे वापरायला परवानगी आहे का, ते आधी विचारा. नसेल तर "चाकणमधला एक सुटे भाग उत्पादक" एवढं पुरतं.

आणि प्रमाणपत्राचा नमुना विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे, तारखा आणि तासांसकट, स्वतः टाइप करून पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवा. हजेरीच्या कागदावर रोजच्या रोज सही घ्या. शेवटच्या दिवशी सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलात की सही करणारे साहेब नेमके गावाला गेलेले असतात.